सॅम्पल फ्लॅटमधल्या बाईसाहेब

६ नोव्हेंबर

अखेर मी शहरात आले, आणि आल्या आल्या नोकरीलाही लागले. आईला फोन केला तर तिचा विश्वासच बसेना. हा (म्हणजे माझा नवरा, त्याचं नाव लिहायला अजून लाज वाटते) लग्नानंतर वर्षभर इथे एकटाच राहत होता आणि मी तिकडे सासूबाई आणि थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली. आता आमची स्वतःची खोली आहे. चौथा मजला, पडद्याआड ओटा, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ आणि तिचे पाइप. मी येणार म्हणून ह्याने नवा पडदा लावला, तोही तिरका. जाऊबाईंचं नुसतं स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या खोलीएवढं आहे. पण त्या स्वयंपाकघरात माझा नवरा नव्हता.

पहिल्याच दिवशी शेजारी ओळख करून घ्यायला गेले. दार बोटभर उघडलं, आतली बाई म्हणाली की आम्हाला काही नको, आणि दार लागलं. मी काहीतरी विकायला आले असं वाटलं तिला. ह्याला सांगितलं तर हा पोट धरून हसला. त्याचं हसणं आधी नाकातून येतं आणि मग उचकीसारखं अडकतं. मग मीही हसले.

नोकरी ह्याच्याच ओळखीतून मिळाली. नवे टॉवर उभे राहताहेत, सगळे अर्धवट, पण एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर एक घर पूर्ण सजवून ठेवलं आहे. सॅम्पल फ्लॅट. गिऱ्हाइकांना ते दाखवायचं आणि तसलीच घरं विकायची. माझं काम असं की सकाळी लवकर जाऊन ते घर असं मांडायचं, की कुणीतरी इथे राहतं आणि पाचच मिनिटांसाठी बाहेर गेलं आहे. विक्रीच्या मॅडमनी मला सगळं फिरून दाखवलं. तिथे खरं काहीच नाही. नळाला पाणी नाही, शेगडीला गॅस नाही, कपाटातली पुस्तकं म्हणजे पुठ्ठ्याचे रिकामे डबे, सफरचंदं मेणाची. कप बशीला चिकटवलेले, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून.

मॅडमचा नियम एकच. प्रत्येक गोष्ट अर्धी ठेवायची. भरलेला कप ठेवला तर हॉटेल वाटतं, रिकामा ठेवला तर उष्टं वाटतं, अर्धा ठेवला की घर वाटतं. पुस्तक मध्येच उघडून पालथं, स्वेटर अर्धा विणलेला, उशाशी अर्धी लिहिलेली डायरी आणि तिच्यावर पेन. जिथे काहीतरी अर्धवट टाकलेलं दिसतं, त्या घरावर माणसं विश्वास ठेवतात, असं त्या म्हणाल्या. आणि जाता जाता म्हणाल्या की स्वतःचं थोडं काहीतरी घाल, नाहीतर जीव येत नाही.

ही डायरी त्या सामानातलीच. निळा कापडी पुठ्ठा, जाड कागद. जन्मालाच न आलेल्या बाईला एवढी सुंदर डायरी कशाला? मी तिथे साधी वही ठेवली आणि ही पिशवीत घालून घरी आणली.

१२ नोव्हेंबर

काम मला भलतंच आवडलं आहे. खरं तर हा खेळच. मी त्या घरात एक नवरा-बायको राहायला आणली आहेत. तिचं नाव ठेवलंय बाईसाहेब. बाईसाहेब उशिरा उठतात, बाल्कनीत चहा घेतात, बिस्किटाचा एक कोपरा खाऊन बाकीचं टाकून देतात. (हे माझंच. आई ओरडायची.) त्यांच्या सपाता माझ्यासारख्याच, टाचा बाहेर आणि चवडे एकमेकांकडे. आज कंगव्यात केस हवे होते, तर घरून माझ्या कंगव्यातला गुंताच नेला.

मॅडम खूश. दुपारी एक जोडपं आलं होतं. बेडरूमच्या दाराशी बायको थबकली आणि हळूच विचारू लागली की आत गेलं तर त्यांना चालेल ना. मी पडद्यामागे तोंडावर हात धरून हसत होते.

मग बसने घरी आले. शेजारच्या माणसाने आपली बॅग अर्धी माझ्या मांडीवर ठेवली आणि सबंध रस्ताभर उचलली नाही. मी तिथे आहे हेच त्याला दिसत नसावं. आमच्या जिन्यात भेटतात ती माणसंही भिंतीकडे बघून उतरतात. आणि त्या नसलेल्या बाईसाठी लोक आवाज खाली करतात. मला जरा लागलं ते. आई म्हणते माझा स्वभाव जळका आहे. असेल.

१९ नोव्हेंबर

मॅडम म्हणाल्या, घरात पुरुष दिसत नाही. ऑफिसने दुकानातून नवाकोरा शर्ट आणला होता, पण त्याच्या घड्या मोडेनात. मग मी ह्याचा निळ्या रेघांचा शर्ट नेला. धुतलेला नाही, एक दिवस घातलेला. त्याचं वरून दुसरं बटण तुटलंय, मी आल्यापासून लावते लावते म्हणतेय. खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खरंच, घर एकदम बदललं. कुणीतरी नुकतं आंघोळीला गेलंय असं वाटू लागलं.

एका गिऱ्हाईक बाईने जाता जाता त्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली आणि वास घेतला. नकळत घेतला असेल. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगला माझ्या नवऱ्याचा वास आहे तो, विकायला नाही ठेवलेला.

२३ नोव्हेंबर

काल शर्ट घरी न्यायचा म्हणून उचलला, तर धुतलेला. कडक इस्त्री. आणि बटण लावलेलं, पिवळ्या दोऱ्याने.

झाडूवालीला विचारलं, तिने हात झटकले. मॅडमना विचारलं, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच उशा झटकायला वळले. किल्ली त्यांच्याकडे आणि माझ्याकडे, तिसरी नाही. घरात पिवळं एकच काही आहे, बाईसाहेबांच्या विणकामाची लोकर. रंग मीच निवडला होता. मला आवडतो म्हणून.

ह्याने शर्ट घातला, आरशात पाहिलं आणि बटणावरून अंगठा फिरवला. म्हणाला, इतके सुबक टाके तू घालतेस हे माहीतच नव्हतं. मी शर्ट त्याच्याकडून घेतला आणि खुंटीला लावला. रात्रभर तो शर्ट खुंटीला होता आणि मला तिकडे पाठ करून झोपवेना. आज सकाळीही कामाला जाताना ह्याला तोच शर्ट हवा होता.

२९ नोव्हेंबर

स्वेटर वाढला आहे. मी ठेवला तेव्हा वीतभर होता, आता बाह्या सुरू झाल्या आहेत. छातीशी धरून पाहिला. माप ह्याचंच.

स्वयंपाकघरातला नळ सहज सोडला, तर पाणी आलं. चांगलं गार, भरपूर. प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीमागचा पाइप दाखवला, तो हातभर जाऊन संपतो, तोंडाला बूच. प्लंबरने नळ सोडला तेव्हा आतून नुसती हवा आली. त्याने सहानुभूतीने विचारलं की मी नवीनच आले का शहरात.

आणि वॉचमनकाका. रोज सकाळी मला अडवतात, रोज मी कार्ड दाखवते, रोज ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहतात. आज तर जाऊच देईनात. म्हणे, सातव्या मजल्याच्या बाई मघाशीच वर गेल्या, तुम्ही कोण? हसून गेल्या, तब्येत विचारून गेल्या. काकांच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं. मी इतक्या दिवसांत त्यांची तब्येत विचारली नाही हे खरं आहे. पण मला कधी त्यांनी ओळखून तरी घेतलं?

४ डिसेंबर

हे नीट लिहून काढायचं आहे, म्हणजे मला उद्या वाचता येईल.

आज शनिवार. ह्याला अर्धी सुट्टी होती, तो मला न्यायला टॉवरवर येणार होता. मी खाली गोदामात दिवा बदलून आणायला गेले होते. वर आले, किल्लीने दार उघडलं. हा सोफ्यावर बसलेला. एक बूट काढलेला, पाय वर घेतलेला, घरी बसतो तसा. हसत होता, ते नाकातलं हसणं. मला पाहिलं आणि हसू तसंच राहिलं तोंडावर, डोळ्यांतून मात्र गेलं.

“आत्ता तर आत गेलीस ना साखर आणायला? मग दारातून कशी आलीस?”

मी स्वयंपाकघरात गेले. कुणी नव्हतं. ओट्यावर साखरेचा डबा उघडा होता. बाहेर टेबलावर दोन कप. एकात अर्धा चहा, दुसऱ्यातही अर्धा. हात लावला, गरम. कप उचलला तर बशीतून सुटून आला.

मी ह्याला म्हटलं, मागच्या दाराने गेले होते. त्या घराला मागचं दार नाही. ह्याने ते ऐकून घेतलं आणि बूट घातला. येताना बसमध्ये म्हणाला की तू इथे किती मोकळी असतेस, घरी का गप्प असतेस कोण जाणे. काय बोलली होती ती त्याच्याशी? मला विचारताही येईना. विचारलं असतं तर ती मी नव्हते हे सांगावं लागलं असतं, आणि मग त्याने पुन्हा तिथे जायला काहीतरी कारण काढलं असतं. हे मला पक्कं माहीत आहे.

मी बारा घरच्या सवतींच्या गोष्टी ऐकल्या आहेत. कुणी गावातून आणली, कुणी ऑफिसातून. माझी मी स्वतः मांडली. माझे केस घालून.

७ डिसेंबर

सासूबाईंचा फोन. इतक्या गोड आवाजात त्या माझ्याशी कधी बोललेल्या नाहीत. म्हणाल्या, काल तू फोनवर घर दाखवलंस, डोळ्यांचं पारणं फिटलं. काय ते स्वयंपाकघर, काय ती बाल्कनी. थोरलीही शेजारी बसून बघत होती, तिचं तोंड एवढंसं झालं.

काल मी कुणालाही फोन केला नाही.

थोरल्या जाऊबाईंचं तोंड एवढंसं व्हावं म्हणून मी वर्षभर देवाला हात जोडले असतील. ते झालं आणि ते पाहायला मी नव्हते. तिने पाहिलं. माझं सुखसुद्धा तिनेच घेतलं. मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले, रागाने.

९ डिसेंबर

ठीक आहे. तिला मी आणली, मीच घालवणार. त्या घरात मी जे मांडते ते खरं होतं ना? मग आज मी वेगळं मांडलं. मॅडम सुट्टीवर, गिऱ्हाईक नाही. कप फोडला आणि तुकडे तसेच पसरू दिले. तिची उशी पाण्याने भिजवली, रडल्यासारखी. दोघांच्या सपाता एकमेकींकडे पाठ करून ठेवल्या. आणि दाराशी तिची बॅग, अर्धी भरलेली, चेन उघडी. कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई नवऱ्याला सोडून चालली.

कुलूप लावताना इतकं बरं वाटलं. बसमध्ये त्या बॅगवाल्या माणसाला चांगलं ढकललं.

१० डिसेंबर

बॅग आमच्या दाराशी आहे.

माझी बॅग. माझे कपडे, अर्ध्या घड्या घातलेले. चेन उघडी. उशी ओली. मी नाही केलं हे. मी आत्ताच कामावरून आले, पिशवी अजून खांद्याला होती.

हा खाटेच्या कडेला बसला होता. अंगात पिवळा स्वेटर. पूर्ण झालेला. म्हणाला, तुला जायचंच असेल तर मी अडवणार नाही, पण निदान तोंडाने सांगायचंस. त्याचे डोळे लाल होते. मी हातापाया पडले, शपथा घेतल्या, सगळं सांगितलं, बटण, नळ, चहा, सगळं. तो ऐकत होता, पण मी बोलत होते तिथून जरा बाजूला बघत होता. भिंतीकडे. जिन्यातल्या लोकांसारखा.

तिकडे तिचं घर लख्ख आहे. कप अख्खा. मी सकाळीच पाहून आले.

१२ डिसेंबर

आमच्या नळाला पाणी नाही. नुसती हवा. शेगडी पेटत नाही.

लग्नात आणलेलं माझं पुस्तक उघडायला गेले. उघडेना. पुठ्ठा. आत काही नाही—

सफरचंद खाल्लं. दातांना मेण.

कंगव्यात माझा एकही केस नाही. कितीही विंचरलं तरी.

१३ डिसेंबर

हा घरी आला नाही.

ऑफिसात फोन केला. म्हणाले ते तर कधीच निघाले, बायको न्यायला आली होती.

१४ डिसेंबर

गेले होते. भर दुपारी. वॉचमनकाकांनी अडवलं नाही, मान वर करून पाहिलंही नाही. किल्ली लागेना. बेल दाबली, ती आधी कधी वाजत नव्हती, आज वाजली. आत ताटं मांडल्याचा आवाज होता. आणि ह्याचं हसणं. नाकातलं, मग अडकणारं—

दार बोटभर उघडलं. फटीत एक हात, मनगटाला पिवळा दोरा गुंडाळलेला.

“आम्हाला काही नको,” ती म्हणाली. माझ्याच आवाजात, पण किती शांत.

दार लागलं. ह्याने आतून विचारलं, कोण गं? ती म्हणाली, काहीतरी विकायला आली होती. मग दोघं हसली. पोट धरून हसला तो. मी ओळखते ना ते हसणं. मला ते दिलं होतं त्याने, पहिल्या दिवशी, माझ्या गोष्टीवर दिलं होतं. माझी गोष्ट होती ती.

बहुधा १५

सपाता उचलायला गेले. जमिनीला चिकटल्या आहेत. चवडे एकमेकांकडे.

कप बशीतून सुटत नाही. आत अर्धा चहा. हलत नाही.

खाटेवर बसले आहे. लिहिताना हात हलतो. थांबले की—

दुपार

दाराला किल्ली लागली. हा आला असं वाटलं.

मॅडम. मागे एक जोडपं. त्यांच्यातली बायको उंबऱ्यात थबकली, आवाज खाली केला. विचारलं, आत आलं तर त्यांना चालेल ना? मॅडम म्हणाल्या, या हो, ती बाहेर गेली आहे, पाचच मिनिटांसाठी. मी समोर बसले आहे. मी ओरडले. त्यांनी तिरका पडदा पाहिला, छान आहे म्हणाल्या, अगदी खरं वाटतं. त्या जोडप्यातल्या नवऱ्याने माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला, कापड पाहावं तसा—

मग मॅडम म्हणाल्या, उशाशी अजून काहीतरी हवं. दाराकडे वळून सांगितलं कुणाला तरी. ती डायरी उघडीच ठेव, पेन वर, शेवटची ओळ अर्धी.

ती आत आली आहे. माझी चाल. निळ्या रेघांचा शर्ट हातावर टाकलेला, आता माझ्या खुर्चीवर टाकते आहे. त्याचा वास आला. देवा, त्याचा वास आला. बटण नाही त्याला—तिने काढून ठेवलं असेल, तिच्याजवळ—

पेनाकडे बघते आहे. घाई नाही तिला.

हे तिला अर्धं मिळू द्यायचं नाही. सगळं घेतलंस, एक वाक्य माझं पुरं राहील, पूर्णविरामासकट. ऐक गं बाई, तू नव्हतीस तेव्हापासून, त्या तिरक्या पडद्यापासून, तो माझा